दहा वॅटांत काय बसतं?

नेटबुक नावाचा संगणक आता नवा मिळत नाही. मिळतो तो जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, नाहीतर घरातल्याच माळ्यावर, चार्जरची वायर भोवती गुंडाळलेला. दहा इंची पडदा, किलो-सव्वा किलो वजन, एक जीबी रॅम आणि विंडोज सुरू होईपर्यंत होणारा चहा, एवढ्या आठवणींवर तो घरात निकामी ठरलेला असतो. या पुस्तिकेचं म्हणणं असं आहे की यातल्या बऱ्याच यंत्रांत अजून जीव आहे. त्यांना झेपेल अशी हलकी लिनक्स प्रणाली घातली आणि त्यांच्याकडून काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही हे आधी ठरवलं, तर ती रोजच्या कामाला येतात. प्रणाली बसवणं दुपारभराचं काम आहे. काम ठरवायला जास्त वेळ लागतो, आणि तो न दिल्यामुळेच बहुतेकांची निराशा होते. म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

हे यंत्र आलं कुठून ते आधी पाहू. त्याचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या जन्मकथेत आहेत. २००५ साली एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपोंटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्यातून ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हा प्रकल्प आणि एक्सओ-१ हे हिरवं-पांढरं यंत्र उभं राहिलं. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी १ जीबी फ्लॅश आणि फेडोरा लिनक्सवर बेतलेलं ‘शुगर’ नावाचं मुलांसाठीचं रूप होतं. शंभर डॉलरचा हिशेब काही जमला नाही. किंमत दोनशेच्या आसपास जाऊन थांबली. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत ही यंत्रं प्रायोगिक पातळीवर मुलांच्या हाती पडली. शिक्षणात क्रांती झाली का, हा वाद वेगळा. कारखानदारांनी मात्र त्यातून एक धडा घेतला: सॉफ्टवेअर यंत्राच्या मापाचं असेल, तर यंत्र बरंच लहान करता येतं.

तो धडा तैवानच्या असुस कंपनीने बाजारात नेला. जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात त्यांनी ई पीसी दाखवला आणि ऑक्टोबरमध्ये विकायला काढला. पहिल्या ७०१ मॉडेलचा पडदा सात इंची, ८०० बाय ४८० बिंदूंचा. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन, तोही कारखान्यातूनच ६३० वर मंद करून पाठवलेला. रॅम ५१२ एमबी, साठवण ४ जीबी फ्लॅश, वजन ९२० ग्रॅम, आणि आत झँड्रॉस लिनक्स. आधी १९९ डॉलरची भाषा झाली होती. ४ जीबीचं मॉडेल अमेरिकेत विकलं गेलं ३९९ डॉलरला. तरीही ते इतकं खपलं की वर्षभरात एसर, एमएसआय, डेल, एचपी सगळे या धंद्यात उतरले. एसरच्या ॲस्पायर वनवर लिनपस लिनक्स मिळत होतं, डेलच्या मिनी ९ वर उबुंटू.

मग गाडी वळली. त्या वेळची विंडोज व्हिस्टा या यंत्रांना पेलणारी नव्हती. मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त यंत्रांपुरती एक्सपी होम आवृत्तीची विक्री जून २०१० पर्यंत वाढवली आणि गिऱ्हाइकांनी ओळखीची एक्सपी निवडली. लिनक्सकडे लोकांनी पाठ फिरवली याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. कंपन्यांनी घालून दिलेल्या त्या लिनक्स प्रणाल्या अपुऱ्या होत्या, अद्ययावत करायला कटकटीच्या होत्या आणि नवा प्रोग्रॅम घालायचा तर वाट सापडत नसे. पण एक्सपीबरोबर अपेक्षाही बदलल्या. फ्लॅशच्या जागी हार्ड डिस्क आली, वर अँटीव्हायरस आला, आणि लोक त्याच यंत्रावर फोटो संपादन नि ब्राउझरमधले खेळ करू पाहू लागले. पुढच्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नव्हतं. २०१० मध्ये आयपॅड आला, २०१२ संपता संपता असुस आणि एसरने नेटबुक बनवणं थांबवलं. छोट्या कामासाठी आखलेल्या यंत्राला स्वस्तातला मोठा लॅपटॉप म्हणून विकलं गेलं, आणि त्या मापाने ते नापास झालं.

ते यंत्र खरोखर काय करू शकतं हे कळायला झाकणाखाली डोकवावं लागतं. २००८ पासूनच्या बहुतेक नेटबुकांत इंटेलचा ॲटम एन२७० हा प्रोसेसर आहे. १.६ गिगाहर्ट्‌झ हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याची कामाची रीत साधी आहे. आलेल्या सूचना तो आल्या क्रमानेच पार पाडतो. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस पिशवीत कार्ड शोधत उभा राहिला की मागचे सगळे थांबतात, तसं. मोठे प्रोसेसर अशा वेळी मागच्यांची कामं आधी उरकून घेतात आणि पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून तेही करून ठेवतात. याच अंदाज बांधण्याच्या सवयीतून जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षेच्या फटी उघड झाल्या, आणि जगभरच्या महागड्या यंत्रांना वेग कमी करणारे उपचार घ्यावे लागले. अंदाज न बांधणारे हे जुने ॲटम त्यातून सुटले. मंदपणाचा इतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

विजेच्या बाबतीतही जाहिरातीतला आकडा नीट वाचायला हवा. एन२७० ची उष्णतेची कमाल मर्यादा २.५ वॅट आहे खरी, पण पडदा आणि रॅम सांभाळणारी शेजारची ९४५जीएसई चिप जुन्या घडणीची आहे आणि तिची मर्यादा ६ वॅट. म्हणजे धन्यापेक्षा चाकराचा खुराक मोठा. २०१० च्या सुरुवातीला आलेल्या एन४५० मध्ये ही दोन्ही कामं एकाच चिपमध्ये आली आणि हिशेब सुधारला. चित्रफितींसाठी मात्र दोन्ही पिढ्या कमकुवत. आजचे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवतात, ते उलगडण्याची सोय त्यांच्या चित्र-चिपमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो. ३६० ओळींचा व्हिडिओ नीट चालतो, त्यापुढे अडखळतो. जुना नेटबुक विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावं: जीएमए ५०० किंवा जीएमए ३६०० ही चित्र-चिप असलेली मॉडेलं टाळावीत. त्या चिपचा आराखडा बाहेरच्या कंपनीचा आहे आणि लिनक्सला तिच्याशी कधीच पुरतं जमवून घेता आलं नाही.

आता ‘हलकं लिनक्स’ म्हणजे काय. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मोठ्या सर्व्हरवर असतो तोच इथेही असतो. फरक त्याच्या वरच्या थरांत आहे: खिडक्या कोण काढतं, पार्श्वभूमीला किती सेवा गुपचूप चालू आहेत, फाइल उघडणारा प्रोग्रॅम किती लवाजमा घेऊन येतो. ग्नोमसारखा थाटाचा डेस्कटॉप काढून त्या जागी १९९७ पासून चालत आलेला आइसडब्ल्यूएम ठेवला की शेकडो एमबी रॅम मोकळी होते. एलएक्सडीई हा दुसरा पर्याय. तो २००६ मध्ये हाँग जेन यी या तैवानी विकासकाने सुरू केला. ई पीसीच्याच देशात, त्याच्या एक वर्ष आधी.

तयार प्रणाल्यांपैकी तीन या पुस्तिकेत येतात. ग्रीसमधून चालवली जाणारी अँटीएक्स ही डेबियनवर आधारलेली आहे आणि जुन्या यंत्रासाठी लागणारी बहुतेक हत्यारं तिच्यात आधीच मांडून ठेवलेली असतात. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली पपी लिनक्स आख्खी रॅममध्ये जाऊन बसते. डिस्क मंद असो की बिघडलेली, पेन ड्राइव्हवरून बूट झाली की ती झरझर चालते. ज्या ७०१ मधली फ्लॅश जेमतेम ४ जीबी आहे, त्याला पपी मानवते. टायनी कोअर डेस्कटॉपसकट मोजक्या एमबींत मावते, पण तिच्यात प्रत्येक गोष्ट स्वतः आणून जोडावी लागते, म्हणून ती शिकणाऱ्यासाठी. ज्याला फार प्रयोग न करता वापरायला सुरुवात करायची आहे त्याने अँटीएक्स घ्यावी, किंवा सरळ डेबियन घेऊन त्यावर आइसडब्ल्यूएम चढवावं. डेबियन १२ पासून वायफायच्या चिपला लागणारं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे पूर्वीचा एक मोठा अडथळा गेला आहे.

बसवून झाल्यावरच्या लहानसहान गोष्टींनीही बराच फरक पडतो. रॅम जितकी चढेल तितकी चढवा. बहुतेक मॉडेलांत २ जीबीला कमाल मर्यादा आहे, पहिल्या ॲस्पायर वनमध्ये ५१२ एमबी बोर्डवरच डकवलेली असल्याने दीड जीबीवर थांबावं लागतं. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी घातली की यंत्राचा स्वभावच बदलतो. झेडरॅम ही कर्नलमधली सोय रॅममधला मजकूर दाबून थोडक्या जागेत जास्त बसवते. त्या बदल्यात प्रोसेसरला थोडं राबावं लागतं. पडदा बहुधा १०२४ बाय ६०० असल्यामुळे काही चौकटींचं ‘ओके’ बटण खाली पडद्याबाहेर जातं. ऑल्ट दाबून धरून माउसने खिडकी वर ओढली की ते दिसतं. आणि मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी संपलेली असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अवैध दिसू लागतात आणि माणूस वायफायला शिव्या देत बसतो. दोष त्या काही रुपयांच्या बॅटरीचा असतो.

इथपर्यंतचं वाचून उत्साह आला असेल, तर पुढचा परिच्छेद सावकाश वाचावा. अँटीएक्स सुरू झाल्यावर दोन-अडीचशे एमबीच्या आत रॅम घेते. मग ब्राउझर उघडून एखाद्या वर्तमानपत्राचं पान मागवलं, की ते एकटं पान तेवढीच रॅम, कधी त्याहून जास्त, खाऊन टाकतं. निक्लाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं. आज हे सगळ्यात जास्त लागू पडतं ते वेबला. प्रणाली कितीही हलकी घ्या, बँकेचं पान हलकं होत नाही. हलक्या लिनक्सची स्तुती करणारे बहुतेक जण सुरू होतानाच्या रॅमचा आकडा सांगतात आणि ब्राउझर उघडल्यानंतरचा सांगत नाहीत.

म्हणून नेटबुकवर वेब वापरायचं ते निवडून. वाचायला डिलो किंवा नेटसर्फसारखे छोटे ब्राउझर. विकिपीडिया त्यांच्यात वाचता येतो. फायरफॉक्स लागलाच तर जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन घालून, आणि एका वेळी एकच टॅब. व्हिडिओ ब्राउझरमध्ये न बघता एमपीव्हीमध्ये. बँक, रेल्वेचं आरक्षण, व्हिडिओ कॉल, सरकारी पोर्टलवरचे अर्ज यांसाठी खिशातला फोन जास्त ताकदीचा आहे; ते त्याच्यावरच करावं.

मग उरतं काय? लिहिणं उरतं, आणि ते लहान काम नाही. पत्र, लेख, कादंबरी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त. ॲबीवर्ड आणि न्यूमेरिक हे दोन प्रोग्रॅम लेखन आणि हिशेब सहज पेलतात. लिबरऑफिसही चालतं, पण उघडायला वेळ घेतं. पीडीएफ वाचणं, ईमेल, गाणी, पायथनसारखी भाषा शिकणं, आर्डुइनोच्या बोर्डवर प्रोग्रॅम चढवणं, दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने काम करणं, घरातल्या जुन्या प्रिंटरला नेटवर्कवर आणणं. ज्या कामात माणूस विचार करतो आणि यंत्र वाट पाहतं, ते प्रत्येक काम इथे बसतं. बारीक कीबोर्डची सवय करावी लागते, पण सूचनांचा मारा नसलेला हा पडदा लिहिणाऱ्याला मानवतो.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण इंग्रजी मार्गदर्शिका हा भाग सांगत नाहीत. चांगली बातमी अशी की लिनक्सवर देवनागरी आता नीट उमटते. त्यात पुण्याचा वाटा आहे: लोहित हे मुक्त फाँट रेड हॅटने काढले आणि त्याच कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी अनेक वर्षं सांभाळले. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांना वेगळा प्रोग्रॅम चालवायचीही गरज नाही, कीबोर्डच्या मांडणीत भारतीय पर्याय निवडला की झालं. रोमन अक्षरांतून टंकणाऱ्यांना आयबस आणि एम१७एन लागतात. त्यांची रॅम हिशेबात धरावी. अडचण येते ती टर्मिनलमध्ये. काळ्या पडद्यावरच्या शुद्ध कन्सोलला जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती माहीत असतात आणि जोडाक्षर घडवणं त्याला येत नाही. नेहमीच्या बहुतेक टर्मिनलमध्येही वेलांट्या नि काने जागा सोडतात. एमएलटर्म त्यातल्या त्यात बरं. म्हणून ‘सगळं टर्मिनलमध्येच करा’ हा जुन्या यंत्रांच्या भक्तांचा सल्ला मराठी लेखकाने ऐकू नये. लीफपॅडसारखा साधा खिडकीतला संपादक वापरावा. तो पुरेसा हलका असतो आणि अर्धा ‘र’सुद्धा बरोबर दाखवतो.

विजेबद्दल थोडं. पडदा थोडा मंद ठेवला तर असा नेटबुक साधारण दहा वॅट घेतो. रोज चार तास वापरला तर महिन्याला जेमतेम सव्वा युनिट होतं. जुन्या काचेच्या मॉनिटरचा डेस्कटॉप सहज शंभर वॅटच्या वर जात असे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची छोटी लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी नेटबुकला चार तासांच्या आसपास पुरते. ज्यांनी भारनियमनाची वर्षं गावात काढली आहेत त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मात्र व्होल्ट तपासल्याशिवाय वायर जोडू नये. असुसच्या ९०१ आणि १००० ला १२ व्होल्ट लागतात, ७०१ ला ९.५, ॲस्पायर वनला १९. आणि चार्ज होत असलेली १२ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात १४ च्या आसपास असते, म्हणून मध्ये नियंत्रक हवाच. त्याच वेळी हेही सांगायला हवं की आजचा साधा लॅपटॉप तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त काम करतो. वीज वाचवण्यासाठी जुना नेटबुक शोधून विकत घेण्यात अर्थ नाही. जो घरात आहे तो वापरत राहण्यात आहे, कारण लॅपटॉपच्या आयुष्यातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो.

शेवटचा प्रश्न मुदतीचा. एन२७० आणि एन२८० हे ३२ बिटांचे प्रोसेसर आहेत आणि ३२ बिटांसाठीचं जग आवरतं घेतलं जातंय. गुगलने क्रोमची ३२ बिट लिनक्स आवृत्ती २०१६ मध्येच थांबवली. आर्चने २०१७ मध्ये, फेडोराने २०१९ मध्ये हात काढून घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मोझिलाने ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या काढणं बंद केलं. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर झाली आहे. तोवर एन२७० निर्धास्त वापरावा. पुढे त्याला इंटरनेटपासून तोडून टंकलेखन यंत्र किंवा गाण्यांची पेटी करावं. एन४५०, एन४५५, एन५५० आणि एन५७० मात्र ६४ बिट चालवू शकतात. ६४ बिटची प्रणाली रॅम थोडी जास्त मागते, पण सुरक्षेचे बदल कितीतरी वर्षं येत राहतात. तुमचा नेटबुक यातला असेल तर ३२ बिटच्या वाटेला जाऊ नका. यंत्राच्या पाठीवरच्या लेबलात हे नसतं. बायोसमध्ये किंवा पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या कुठल्याही लिनक्समध्ये प्रोसेसरचं नाव दिसतं.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. आधी यंत्र ओळखणं आणि त्याची डागडुजी, मग प्रणाली निवडून बसवणं, नंतर कामांनुसार प्रोग्रॅम, त्यानंतर मराठी, आणि शेवटी वीज. ज्याला लिनक्स अजिबात ठाऊक नाही त्याने पहिल्यापासून वाचावं. ज्याला येतं त्याने सरळ मराठीचं आणि विजेचं प्रकरण उघडावं.

पण कुठलंही प्रकरण उघडण्याआधी एक कागद घ्या. गेल्या आठवड्यात संगणकावर काय काय केलं ते लिहा, आणि प्रत्येक कामापुढे त्याला ब्राउझर लागतो का ते नोंदवा. निम्म्याहून जास्त कामांपुढे ‘हो’ आलं, तर तुम्हाला नवा संगणक हवा आहे. नेटबुक शिकणाऱ्या एखाद्या मुलाला द्या, नाहीतर ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात. ‘नाही’ जास्त आले, तर माळ्यावरचं यंत्र खाली काढा. त्याच्यासाठी नवं काहीही विकत घेण्याआधी पेन ड्राइव्हवरून अँटीएक्स चालवून पाहा. डिस्कला हात न लावता तासाभरात कळेल की पुढची प्रकरणं तुमच्या कामाची आहेत की नाहीत.